अळ्यांची परीक्षा

"जखमेत अळ्या पडल्या" म्हटलं की आपल्याकडे पुढचं कोणी ऐकूनच घेत नाही. मीही घेतलं नसतं. पण आजीच्या पायाची जखम पाच महिने झाले तरी भरेना (मधुमेह, दुसरं काय!), म्हणून दोन वीकएंड वाचत बसलो आणि विल्यम बेअर नावाचा अमेरिकन सर्जन सापडला.

१९१७ साली फ्रान्समध्ये त्याच्यापुढे दोन सैनिक आणले गेले. मांडीचं हाड मोडलेलं, पोटाला जखमा, आणि सात दिवस रणांगणावर तसेच पडून. दोघांनाही ताप नाही! कपडे काढले तर जखमांत हजारो अळ्या. त्या धुवून काढल्या, तर खाली पू नाही, छान गुलाबी नवं मांस. अळ्या मेलेलं मांस विरघळवून पितात, जिवंत मांसाला सहसा हात लावत नाहीत.

बेअर हे विसरला नाही. १९२८मध्ये त्याने बाल्टिमोरला हाड सडलेल्या चार मुलांवर हा प्रयोग केला. मुलं बरी झाली. पुढे काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा अळ्या निर्जंतुक करून वाढवायच्या असतात हे कळलं. १९३१मध्ये त्याचा लेख आला, पण तो बघायला तो राहिला नव्हता. पुढच्या दशकात पेनिसिलिन आलं आणि अळ्या अडगळीत गेल्या. प्रतिजैविकं जिथे कमी पडायला लागली तिथे त्या परत आल्या. २००४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यताही दिली.

पण जखम भरते का?

हे नीट तपासणारी मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, निकाल आला २००९मध्ये. म्हणजे बेअरच्या लेखानंतर ७८ वर्षांनी! पायावर जुने व्रण असलेले २६७ रुग्ण. कोणाला मोकळ्या अळ्या, कोणाला पिशवीतल्या, कोणाला नेहमीचं जेल, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. अळ्यांनी जखम खूपच लवकर साफ केली. पण भरून यायला लागलेल्या वेळात म्हणण्यासारखा फरक नाही. वर दुखलं जास्त.

मला आमचं ऑफिसच आठवलं. किती बग क्लोज झाले याचा आलेख दर शुक्रवारी झकास, आणि क्लायंटची सिस्टिम आहे तिथेच. साफ होणं मोजायला सोपं, म्हणून तेच मोजत बसायचं. (त्या रुग्णांचे व्रण शिरांच्या दोषाचे होते, मधुमेहाचे नव्हेत. त्यामुळे हा निकाल आजीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे कबूल.)

आजीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "किडे नकोत रे बाबा. पण भरणार कधी, ते विचार ना डॉक्टरांना."

तेव्हापासून ड्रेसिंगच्या वेळी मी पट्टी घेऊन बसतो. मागच्या शनिवारी जखमेची लांबी ३.२ सेंटीमीटर होती. काल ३ भरली.