माहितीची वखार

सुरत, राजापूर, कारवार हीं नांवें घेतलीं कीं इंग्रजांच्या वखारी आठवतात, आणि वखार म्हटली कीं कापडाचे गठ्ठे, मिऱ्यांचीं पोतीं व तराजू डोळ्यांपुढें उभे राहतात. या मालाबरोबर आणखी एक जिन्नस गलबतांवर चढत असे, तो म्हणजे कागद. हा माल विकावयाचा नव्हता. लंडनमध्यें लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती, तेथें तो उतरे आणि तेथेंच राही. आजकालच्या मोठ्या कंपन्या आपल्या साऱ्या व्यवहारांच्या नोंदी संगणकांत एके ठिकाणीं सांठवितात व त्या सांठ्यास ‘डेटा वेअरहाऊस’, म्हणजे माहितीची वखारच, म्हणतात. नांव नवें आहे. पण असली वखार भरणें सोपें व ती चालती ठेवणें कठीण, हा अनुभव त्या जुन्या कंपनीनें पुरेपूर घेतला होता.

कंपनीस सनद मिळाली ती १६०० च्या अखेरच्या दिवशीं. समुद्रप्रवास महिनोन्‌महिने चाले व गलबत बुडण्याची भीति नित्याची असे. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन नकला करून त्या निरनिराळ्या गलबतांनीं पाठवीत. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील कौन्सिलांत काय ठरलें याच्या वह्या ठेवीत, आणि त्या वह्यांची नक्कल विलायतेस जाई. पत्रांतील कलमांस क्रमांक घालण्याची पद्धत पडली. मग उत्तर देतांना लंडनचे डायरेक्टर त्याच क्रमांकाचा हवाला देत. समासांत मजकुराचा गोषवारा लिहीत. हें सारें हातानें चाले. कंपनीच्या मुलकी नोकरींतली सर्वांत खालची पायरी ‘रायटर’, म्हणजे लेखनिकाची. क्लाइव्ह १७४४ सालीं मद्रासेस उतरला तो याच पायरीवर.

राज्य वाढलें तसा कागदही वाढला. १७९३ ते १८१३ या वीस वर्षांत हिंदुस्थानांतून आलेल्या मोठ्या आकाराच्या खंडांची संख्या ९ हजारांवर होती, तर पुढील सोळा वर्षांत ती १२ हजारांवर गेली. एवढ्या ढिगांतून हवें तें पान काढावयाचें कसें? एखाद्या प्रश्नावर हिंदुस्थानांत हुकूम पाठवावयाचा झाला, म्हणजे त्या विषयाचे मागील सर्व कागद गोळा करून ते मसुद्यास जोडीत. मसुदा तेथून बोर्ड ऑफ कंट्रोलकडे जाई. बोर्ड तांबड्या शाईनें त्यांत फेरफार करी. जेम्स मिल १८१९ मध्यें व त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्यें या कचेरींत लागला. दोघांनींही हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं. तरी येथील संस्थानिकांविषयीं व शेतसाऱ्याविषयीं त्यांनीं पत्रांचे मसुदे लिहिले, ते या कागदांच्या आधारावर. न पाहिलेल्या देशावर हुकूम चालविणें कितपत योग्य, हा प्रश्न वेगळा. पण वेळेवर कागद काढून देणाऱ्या कारकुनांवांचून त्या दोघां पंडितांचें पान हललें नसतें, हें त्यांच्या चरित्रकारांनीं ठळकपणें सांगावयास हवें होतें.

या वखारीवर घाला पडला तो आगीचा किंवा वाळवीचा नव्हे. १८५८ सालीं कंपनीचें राज्य राणीच्या सरकारकडे गेलें. कंपनीचें व बोर्डाचें अशीं दोन दप्तरें एकत्र आलीं, आणि जुनी इमारत सोडावयाची ठरली. दोन दप्तरांत पुष्कळ कागद दुबार होते; ते काढून टाकणें गैर नव्हतें. परंतु दुबार कोणता व एकुलता एक कोणता, हें ठरविण्यास दप्तर जाणणारीं माणसें लागतात आणि त्यांस वेळ द्यावा लागतो. तेवढी सबुरी झाली नाहीं. १८५८ ते १८६० च्या दरम्यान सुमारें ३०० टन कागद रद्दींत गेला. आंग्र्यांशीं झुंजलेलें ‘बॉम्बे मरीन’ हें कंपनीचें आरमार पुढें ‘इंडियन नेव्ही’ झालें. त्या आरमारांतला माजी अधिकारी चार्ल्स लो यानें १८७७ मध्यें त्याचा इतिहास छापला, तेव्हां आरमाराचे कागद १८६० सालीं नष्ट केल्याची कडवट तक्रार त्यास करावी लागली. कोंकण किनाऱ्याच्या अभ्यासकांस ती आजही करतां येईल.

उरलेल्या ढिगाची दाद प्रथम घेतली ती बेळगांवास जन्मलेल्या व मुंबईंत डॉक्टरी केलेल्या एका गृहस्थानें. मुंबईच्या राणीच्या बागेशीं व तेथील पदार्थसंग्रहालयाशीं ज्यांचें नांव जोडलें आहे तेच हे जॉर्ज बर्डवुड. १८७८ मध्यें त्यांनीं जुन्या कागदांवर अहवाल लिहिला. १८८४ मध्यें डॅन्व्हर्स यांची दप्तराचे अधीक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि १९०७ पासून ती जागा विल्यम फॉस्टर यांच्याकडे आली. फॉस्टर यांनीं १६१८ ते १६६९ या काळांतील वखारींच्या पत्रव्यवहाराचे तेरा खंड १९०६ ते १९२७ या काळांत प्रसिद्ध केले. प्रत्येक पत्र वाचावयाचें, तारीख ताडून पाहावयाची, फाटका मजकूर दुसऱ्या नकलेवरून पुरा करावयाचा, असें हें काम. तें वर्षानुवर्षें चाललें.

त्याचा लाभ महाराष्ट्रास लौकरच झाला. १६७४ च्या जून महिन्यांत मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर होता. राज्याभिषेकाच्या वेळीं त्यानें जें पाहिलें तें टिपून ठेवलें व परत येऊन वरिष्ठांस सादर केलें. सुरतेच्या वखारीच्या कागदांबरोबर तें टिपण लंडनच्या दप्तरांत टिकून राहिलें. १९३१ सालीं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें शिवाजी महाराजांविषयींचे इंग्रजी कागद एकत्र छापले, त्यांत तें मराठी अभ्यासकांच्या हातीं आलें. तें दप्तर १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यांत असून त्याचीं कपाटें ओळीनें मांडलीं तर सुमारें १४ किलोमीटर भरतात.