परिचारिका : परदेशातील उच्चशिक्षण व व्यवसाय-परवाना

एका देशात परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दुसऱ्या देशात रुग्णसेवा करण्यासाठी तेथील नियामक संस्थेकडून जी कायदेशीर अनुमती घ्यावी लागते, तिला व्यवसाय-परवाना किंवा नोंदणी म्हणतात. ही अनुमती आणि शैक्षणिक पदवी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परदेशी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळाल्याने परवाना आपोआप मिळत नाही, आणि परवान्यासाठी अशी पदवी बहुधा लागतही नाही. तो मुख्यतः मायदेशातील मूळ अभ्यासक्रमावर ठरतो. पुष्कळ कुटुंबे कर्ज काढून आधी पदवीच्या मागे लागतात आणि हा भेद त्यांना उशिरा कळतो, म्हणून तो आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) व बी.एस्सी. नर्सिंग हे तीन मूळ अभ्यासक्रम प्रचलित आहेत. यांपैकी दोन वर्षांचा एएनएम हा प्राथमिक आरोग्यसेवेसाठी असल्याने परदेशात तो पूर्ण परिचारिकेच्या दर्जाचा धरला जात नाही. तीन वर्षांची जीएनएम पदविका व चार वर्षांची पदवी परवान्यासाठी अनेक ठिकाणी चालते. मात्र परदेशात एम.एस्सी. करायची असेल, तर जीएनएम झालेल्या परिचारिकेला सामान्यतः आधी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करावा लागतो. राज्यातील नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. प्रशिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा राहावा यासाठी १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

परवान्याच्या अर्जात सर्वांत अधिक वेळ कागदपत्रांत जातो. नियामक संस्था केवळ गुणपत्रिका पाहत नाहीत. वैद्यकीय-शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य अशा प्रत्येक शाखेत वर्गातील तास किती व वॉर्डातील प्रत्यक्ष कामाचे तास किती, हे दाखवणारे ट्रान्सक्रिप्ट महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने भरून द्यावे लागते, आणि नोंदणी चालू असून कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नाही, असे पत्र परिषदेने थेट परदेशी संस्थेला पाठवावे लागते. कॅलिफोर्नियासारखे राज्य याहून पुढे जाऊन एखाद्या विषयाचा सिद्धांत व त्याचे प्रात्यक्षिक एकाच काळात शिकवले गेले होते का, हेही तपासते. रोहा तालुक्यातील कोलाडसारख्या, मुंबई-गोवा महामार्गावर कुंडलिकेकाठी वसलेल्या गावातील परिचारिकेला याचा अर्थ नेमका समजतो. तिचे महाविद्यालय पनवेलजवळ कामोठ्याला असू शकते, परिषद मुंबईत असते आणि बी.एस्सी.ची पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला असते. जीएनएमच्या परीक्षेची नोंद मात्र राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे सापडते. नाशिकचे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाल्याने त्याआधीच्या पदवीधर परिचारिकांना आपल्या जुन्या विद्यापीठाकडे जावे लागते. वॉर्डातील तासांची नोंद विद्यार्थिदशेतच शिक्का-सहीनिशी जपून ठेवण्याची सवय प्रत्येक नर्सिंग महाविद्यालयाने लावली पाहिजे, कारण दहा वर्षांनी ती पुन्हा उभी करणे फार अवघड जाते.

अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्याचे परिचर्या मंडळ देते. परीक्षा मात्र सर्वत्र एकच, एनक्लेक्स-आरएन. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते आणि आधीच्या उत्तरांनुसार पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. एप्रिल २०२३ पासूनच्या स्वरूपात ८५ ते १५० प्रश्न असून त्यांसाठी पाच तास मिळतात, आणि पाठांतरापेक्षा रुग्णाची स्थिती पाहून निर्णय घेण्याची क्षमता तपासण्यावर भर असतो. मुंबईत परीक्षाकेंद्र असल्याने परीक्षेसाठी देश सोडावा लागत नाही. तथापि उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. १९९६ च्या स्थलांतर कायद्याने शिक्षण, परवाना व इंग्रजी यांची पडताळणी केलेले व्हिसास्क्रीन हे प्रमाणपत्र आवश्यक केले आहे, आणि रोजगाराधारित स्थायी व्हिसाची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी अनेक वर्षांची आहे.

ही रांग टाळण्यासाठी विद्यार्थी व्हिसावर पदव्युत्तर शिक्षणाला जाण्याचा मार्ग सुचवला जातो. येथे विषयाची निवड निर्णायक ठरते. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचार ठरवणारी प्रगत परिचारिका, घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना रुग्णालयातील प्रात्यक्षिके असतात व त्यांसाठी अमेरिकेतील आरएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेचा, परवाना हाती असावा लागतो. सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापन शिकण्यास तो लागत नाही, पण त्या पदवीने रुग्णसेवेचा अधिकारही मिळत नाही. शिक्षणानंतर मिळणारी कामाची मुभा साधारणतः बारा महिन्यांची असते, आणि परवान्याविना तो काळ परिचारिकेच्या कामासाठी वापरता येत नाही. म्हणून एनक्लेक्स भारतात असतानाच उत्तीर्ण होऊन मग प्रवेश घेणे हा क्रम अधिक सुरक्षित आहे.

ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची चाचणी दोन टप्प्यांत होते. संगणकावरील पहिला टप्पा भारतात देता येतो. ऑस्के ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच द्यावी लागते आणि तीत दहा स्थानकांवर औषध देण्यापासून नोंदी लिहिण्यापर्यंतचे काम पारखले जाते. इंग्रजीच्या आयइएलटीएस परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. जानेवारी २०२४ पासून तेथे अध्यापनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही, ही बाब संसारी परिचारिकेने आधीच विचारात घ्यावी.

जर्मनीत गुणवत्तेइतकीच भाषा महत्त्वाची आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. परंतु पूर्ण मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी-२ पातळी आणि अभ्यासक्रमात तफावत आढळल्यास पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा आवश्यक असते.

आखाती देशांत कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी व संगणकीय परीक्षा यांवर परवाना मिळतो, त्यामुळे तेथील मार्ग तुलनेने लवकर पूर्ण होतो. या मार्गावर दलालांकडून होणारी लूट रोखण्यासाठी केंद्र सरकारने ३० एप्रिल २०१५ पासून, ज्या देशांत जाण्यास उत्प्रवासन-अनुमती लागते अशा देशांसाठीची परिचारिकांची भरती ठरावीक शासकीय संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले. इतर देशांसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत दलालालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.