फॉर्म २९ची गोष्ट: यार्डात उभी असलेली गाडी कोणाची?

आरटीओच्या फॉर्मला कसला आलाय इतिहास, असं वाटणं साहजिक आहे. पण सेकंडहँड गाडी घ्यायचा विचार असेल तर पुढची पाच मिनिटं द्याच.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. मालकाने गाडी डीलरला दिली, पैसे घेतले आणि तो घरी गेला. गाडी दोन महिने यार्डात उभी आहे, नवा गिऱ्हाईक अजून मिळालेला नाही. या दोन महिन्यांत ती गाडी कोणाची? २०२३पर्यंत आपल्या कायद्याकडे याचं नीट उत्तर नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. भारतात मोटारींसाठी देशभराचा पहिला कायदा १९१४ सालचा. मग १९३९चा आला आणि आज चालतो तो १९८८चा. या १९८८च्या कायद्यात कलम ५० आहे. गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, गाडी दुसऱ्या राज्यात रजिस्टर झालेली असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं. विक्रीची सूचना फॉर्म २९वर, नाव बदलायचा अर्ज फॉर्म ३०वर.

या सगळ्यात माणसं दोनच, विकणारा आणि घेणारा. मधल्या डीलरला जागाच नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये मालकाचा एकच कॉलम आणि 'मधल्या हातात' असं स्टेटसच नाही.

गंमत म्हणजे नव्या गाड्यांच्या डीलरसाठी ही सोय आधीपासून होती. शोरूममधल्या गाडीचं रजिस्ट्रेशन झालेलं नसतं, म्हणून डीलरला ट्रेड सर्टिफिकेट मिळतं आणि त्या जोरावर तो गाडी रस्त्यावर काढू शकतो. जुन्या गाड्यांच्या धंद्याने मात्र आपला जुगाड शोधला, तो म्हणजे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०. मालक सही करून मोकळा, डीलर फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवणार आणि गिऱ्हाईक मिळालं की नाव भरणार. गाडी तीन यार्ड फिरली तरी आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं.

यात काय बिघडतं, ते फेब्रुवारी २०१८मध्ये सुप्रीम कोर्टात दिसलं. मालकाने जुलै २००७मध्ये कार विकली होती. पुढे ती आणखी हातांतून गेली, पण आरसीवरचं नाव कोणी बदललं नाही. मे २००९मध्ये ती रिव्हर्स येताना दोघांना लागली आणि त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? हायकोर्टाने रजिस्टर्ड मालकाला सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने उलट सांगितलं, की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि जबाबदारी त्याची. निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला होता. त्यामागचा विचार असा, की अपघातात ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याने गाडी कोणी कोणाला विकली हे शोधत फिरायचं का?

वाचायला कठोर वाटतं, पण बरोबर आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी गाडी विकून विसरलेल्या माणसावर काय ओढवलं असेल, तेही बघा.

शेवटी डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि तो १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. रजिस्टर्ड गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. अर्ज फॉर्म २९-एवर, प्रमाणपत्र २९-बीवर, मुदत पाच वर्षं. मालकाने गाडी सोपवली की फॉर्म २९-सीने पोर्टलवर कळवायचं. तिथून पुढे कायद्याच्या नजरेत मालक डीलर, आणि जबाबदारीही त्याचीच. आरसी किंवा फिटनेसचं नूतनीकरण, एनओसी, नाव बदलणं, असे अर्ज तो स्वतः करू शकतो. यार्डातली गाडी त्याला कुठेही पळवता येत नाही. ट्रायल, दुरुस्ती अशा मोजक्या कामांनाच ती बाहेर काढायची, आणि कोणी, कधी, किती किलोमीटर चालवली याची ऑनलाइन नोंद ठेवायची. म्हणजे हिस्ट्री टेबल आलं एकदाचं!

पण नियम आला म्हणून ड्रॉवरमधले कोरे फॉर्म आपोआप संपत नाहीत. त्यामुळे गाडी आवडली तरी टोकन देण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, २९-बी प्रमाणपत्र मागा. त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत समोरच्या दुकानाशी जुळते का? दोन, याच गाडीची २९-सीची पोच मागा. डीलर अधिकृत आहे, पण ही गाडी त्याच्याकडे अधिकृतपणे आलेलीच नाही, असंही होऊ शकतं. तीन, एमपरिवहनवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि फिटनेस तपासा, थकलेली चलनं बघा.

"अहो, सगळे असंच करतात, पेपर नंतर होतील," असं उत्तर आलं तर समजून घ्या. मूळ मालक गाव सोडून गेला, वारला किंवा त्याचं बँकेचं कर्ज बाकी निघालं, तर ते 'नंतर' कधी येतच नाही. गाडी तुमच्या दारात आणि नाव दुसऱ्याचं.

आणि स्वतःची गाडी विकत असाल तर हेच उलट बाजूने. २९-सीची पोच हातात आल्याशिवाय चावी देऊ नका. आई-बाबांची जुनी गाडी विकायला काढली असेल, तर हा भाग त्यांनाही ऐकवा.

भेटू पुढच्या भागात!