शेवटच्या बाकापर्यंत शब्द

धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर टीव्ही आहे आणि समोर पन्नास-साठ मुले बसली आहेत. शेवटच्या रांगेतूनही चित्र स्वच्छ दिसते. आवाजही येतो. पण शब्द कळतो का? आवाज येणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीव्हीला बाहेरचा स्पीकर जोडण्याचा इतिहास या फरकाभोवतीच फिरतो.

बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत असते आणि स्वर मुख्यतः खालच्या कंप्रतांचे असतात. व्यंजने वेगळी ओळखू येतात ती बऱ्याच अंशी २००० ते ८००० हर्ट्झ दरम्यानच्या दुबळ्या ध्वनींमुळे. हे ध्वनी वाटेत हरवले की ‘साल’, ‘शाल’ आणि ‘चाल’ सारखेच ऐकू येतात. ज्याची घरची भाषा मराठी आहे तो संदर्भावरून शब्द पुरा करतो. घरी पावरी, भिली किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला हे सहज जमत नाही. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे येथे शेवटच्या बाकावर हरवलेले व्यंजन हा किरकोळ प्रश्न नाही.

मग दोष प्रक्षेपणाचा होता काय? मुळीच नाही. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आली. आपल्याकडील पद्धतीत ध्वनीची वाहक लहर चित्राच्या लहरीपेक्षा ५.५ मेगाहर्ट्झ वर असे आणि ध्वनी एफएम पद्धतीने, म्हणजे कंप्रता बदलून, पाठवला जाई. मध्यम लहरींवरील रेडिओपेक्षा हा आवाज कितीतरी सरस होता. घरातील संचात मात्र तो एक-दोन वॉटच्या लहानशा स्पीकरमधून बाहेर पडे. संचाची किंमत मुख्यतः चित्रनलिकेत जाई. आवाजाच्या वाट्याला उरलेसुरले येई.

‘मग मोठा स्पीकर का जोडत नव्हते?’ असे विद्यार्थी विचारतील. याचे उत्तर संचाच्या पोटात आहे. खर्च वाचवण्यासाठी अनेक संचांत विजेचा ट्रान्सफॉर्मर गाळलेला असे. त्यामुळे संचाचा धातूचा सांगाडा थेट घरगुती विजेच्या तारेशी जोडलेला राही. अशा संचातून एखादी तार बाहेर काढली, तर तिच्यावर २३० व्होल्टचा दाब येऊ शकत होता. शिवाय चित्रनलिकेवर हजारो व्होल्टचा दाब असे आणि संच बंद केल्यानंतरही तो काही काळ टिके. म्हणून आवाज बाहेर नेण्याची सोय ठेवायची, तर ती तार विजेपासून अलग करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागे. तो खर्च कोण करणार?

ध्वनीचे महत्त्व नियोजनकर्त्यांना माहीत नव्हते असे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. या योजनेत एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग होते. त्यामुळे एकच चित्र आंध्रात तेलुगूतून आणि कर्नाटकात कन्नडमधून ऐकता येई. धडा चित्राने दिसतो, पण भाषा ध्वनीतूनच पोहोचते, हे त्या योजनेने मान्य केले होते. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. मराठी मुलांसाठी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली ती १९८४ मध्ये. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली.

टीव्हीच्या पाठीमागे जोडणीच्या खाचा आल्या त्या वर्गासाठी नव्हे, तर व्हिडिओ रेकॉर्डरसाठी. सुरुवातीला तोही अँटेनाच्या खाचेतूनच जोडत. पुढे चित्र आणि ध्वनी वेगळे आत-बाहेर नेण्याची गरज पडली. फ्रान्सने १९८० पासून नव्या संचांना अशी जोडणी सक्तीची केली. ती सुरक्षित राहण्यासाठी संचाचा सांगाडा विजेपासून अलग करावा लागला. स्पीकरला वाट मिळाली ती अशी, आडमार्गाने.

एकविसाव्या शतकात टीव्ही सपाट झाला आणि गाडी पुन्हा मागे गेली. पातळ चौकटीत मोठ्या स्पीकरला जागा नाही. अनेक संचांत तो खाली किंवा मागे तोंड करून बसतो. व्यंजनांचे वरच्या कंप्रतेचे ध्वनी सरळ रेषेत जाणारे. ते मुलांकडे येण्याऐवजी आधी भिंतीवर आदळतात. वर पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की उरलेसुरलेही बुडते. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना ‘टिली मिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली, तेव्हा घरचा टीव्ही हाच अनेकांचा वर्ग झाला.

आज जोडणी अवघड नाही. स्वतःचा अँप्लिफायर असलेला स्पीकर टीव्हीच्या ३.५ मिलिमीटरच्या किंवा लाल-पांढऱ्या खाचेत लावावा. फक्त प्रकाशाने ध्वनी नेणारी खाच असेल, तर मध्ये लहान परिवर्तक लागतो. ब्लूटूथ सोयीचे असले तरी त्यात आवाज बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त मागे पडतो आणि ओठ व शब्द जुळत नाहीत. स्पीकर टीव्हीजवळच, बसलेल्या मुलांच्या डोक्यांपेक्षा थोडा उंच, मुलांकडे तोंड करून ठेवावा. खर्ज वाढवू नये. तो व्यंजनांना झाकतो. चित्रनलिकेचा जुना संच मात्र कधीही उघडू नये.

आणि एक प्रयोग करा. मुलांना सरावाचे नसलेले दहा शब्द एकदा ध्वनिमुद्रित करा. ते टीव्हीतून ऐकवा आणि सर्वांना लिहायला सांगा. पहिल्या व शेवटच्या रांगेचे बरोबर शब्द मोजा. मग तसेच दुसरे दहा शब्द बाहेरच्या स्पीकरमधून ऐकवा आणि पुन्हा मोजा. शेवटच्या रांगेचा आकडा किती वाढला, ते फळ्यावर लिहा. ज्या मुलाला आपण ‘लक्ष देत नाही’ म्हणत होतो, त्याचे उत्तर कदाचित तिथे सापडेल.