तळटीप : ‘नळी मोकळी झाली, घोर मिटला’

लेखकाच्या घरच्यांचा हा समज आजही घरोघरी आढळतो. अँजिओप्लास्टीने एक अरुंद जागा रुंद होते. धमन्यांचा आजार मात्र अंगात राहतोच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात अँजिओप्लास्टी झालेल्या 697 रुग्णांवर लक्ष ठेवले होते. सुमारे तीन वर्षांत 20.4 टक्के रुग्णांना हृदयाचा त्रास पुन्हा झाला : 12.9 टक्क्यांना उपचार केलेल्या जागी, 11.6 टक्क्यांना हात न लावलेल्या जागी (काहींना दोन्हीकडे). या दुसऱ्या जागा पहिल्या अँजिओग्राफीत बहुधा किरकोळ दिसल्या होत्या, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. धमनीच्या आतून सोनोग्राफी केल्यावर धोक्याच्या तीन खुणा सापडल्या : चरबीच्या थराने धमनीचा 70 टक्के किंवा अधिक भाग व्यापणे, उरलेली वाट 4 चौरस मिलिमीटर किंवा त्याहून कमी असणे, आणि थरावरचे आवरण पातळ असणे. तिन्ही खुणा असलेल्या जागांपैकीही तेवढ्या काळात सुमारे 18 टक्केच उपद्रवी ठरल्या. म्हणून नेमकी कोणती जागा दगा देईल हे सांगता येत नाही, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करता येत नाहीत. पुढच्या प्रकरणात दादांनी नेमके तेच केले आहे. – संपा.