बेटावरचा ताप: आरोपी कोण?

एकेकाळी समुद्रोल्लंघन हे ज्या समाजात प्रायश्चित्तास पात्र ठरत असे, त्याच समाजातील आजीबाई आज नातवंडांसह मोठ्या क्रूझ जहाजावर चढतात, मॉरिशस, रीयुनियन, सेशेल्स ही बेटे पाहून येतात आणि देवळातील कीर्तन आटोपल्यावर सभामंडपात बसून तेथील वर्णने सांगतात. ही कालगतीच म्हणावयाची. परंतु प्रवासाचा बेत ठरला, की कोणी ना कोणी आप्त शंका काढतोच: ‘तिकडे म्हणे डासांपासून होणाऱ्या तापाची साथ असते!’ शंका वाजवी आहे. मात्र तिच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. ताप हा त्या बेटाचा, तेथील मातीचा, तेथील माणसांचा दोष आहे, असे आपण नकळत गृहीत धरतो. हा आरोप कितपत टिकतो, याचा निवाडा करण्यास मॉरिशसचा इतिहास फार उपयोगी पडतो. आणि त्या इतिहासात आपलीही माणसे गुंतलेली असल्यामुळे तो आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

मादागास्करच्या पूर्वेस महासागरात वसलेले हे बेट मुळात निर्मनुष्य होते. १५९८ साली तेथे डच उतरले, १७१५ साली फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला आणि १८१० साली ते इंग्रजांकडे गेले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात आले, आणि पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे करारावर, म्हणजे आपल्या लोकांच्या भाषेत ‘गिरमिटावर’, त्या बंदरात उतरली. बहुसंख्य लोक कलकत्ता व मद्रास येथून गेले. पण मुंबईहूनही जहाजे सुटत, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या मुलखातील मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ज्या धक्क्यावर हे लोक उतरले, त्या आप्रवासी घाटाची गणना २००६ सालापासून जागतिक वारसास्थळांत होते.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. १८३४ पासून पुढील तीस वर्षे, मधले काही खंड वगळता, हिंदुस्थानातून माणसांचा ओघ चालू होता. हिंदुस्थानात हिवताप घरोघरचा. तेव्हा या हजारो उतारूंपैकी कित्येकांच्या रक्तात हिवतापाचे जंतू असलेच पाहिजेत. तरीही त्या तीस वर्षांत मॉरिशसमध्ये हिवतापाची साथ उद्भवली नाही. उलट ते बेट आरोग्यदायी म्हणून नावाजलेले होते आणि हिंदुस्थानातील आजारी इंग्रज अधिकारी हवापालटासाठी तेथे जाऊन राहत.

१८६५ च्या सुमारास हे चित्र पालटले. प्रथम किनाऱ्यावरच्या वस्त्यांत थंडी वाजून येणारा ताप दिसू लागला, आणि १८६७ साली त्याने सारे बेट व्यापले. सव्वातीन लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या त्या बेटावर त्या एका वर्षात तापाने तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. कोयनेलचा तुटवडा पडला आणि तिचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. नुकतीच, म्हणजे १८६४ साली, आगगाडी सुरू झाली होती. तिच्यात बसून पोर्ट लुईचे धनिक उंचावरील क्यूरपीप गावी राहावयास गेले, आणि त्या लहानशा गावाचे शहर झाले. गरीब मात्र खालीच राहिले. गोमंतकीय वाचकांना हे वाचून जुन्या गोव्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. रोगराईने तेही वैभवशाली नगर असेच ओस पडत गेले आणि अखेर १८४३ साली पणजीस राजधानीचा मान मिळाला.

एवढा मोठा अनर्थ घडला की समाज आरोपी शोधू लागतो. हिवताप दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेने होतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती; ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. कोणी जंगलतोडीकडे बोट दाखविले, कोणी गटारांकडे. पण हवेला पिंजऱ्यात उभे करता येत नाही, माणसाला करता येते. हिंदी मजुरांची दाट वस्ती, त्यांची अस्वच्छता आणि त्यांचे येणे हेच रोगाचे मूळ आहे, असा आवाज उठू लागला. परक्या मजुराकडे संशयाने पाहण्याची सवय तेथील सरकारास आधीपासून होतीच. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील मजुरांना पटकीच्या भीतीने गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवून ठेवले होते. पुरेसा निवारा व अन्नपाणी नसल्याने त्यांतील दोनशेंहून अधिक माणसे तेथेच मेली.

१८६७ सालीच मॉरिशस सरकारने एक मजूरविषयक कायदा केला. ज्यांचा करार संपला आहे, अशा जुन्या हिंदी मजुरांनीसुद्धा स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा, तो दाखविता न आल्यास त्यांना भटके समजून अटक व्हावी, असा त्याचा आशय होता. तापाच्या साथीने भेदरलेल्या बेटावर या तरतुदींची अंमलबजावणी किती कठोरपणे झाली असेल, हे कायद्याचा व्यवसाय करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ नामक एका सहृदय मळेवाल्याच्या साह्याने ९,४०१ मजुरांनी या जुलमाविरुद्ध अर्ज केला. चौकशीसाठी राजनियुक्त आयोग बसला आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे या अन्यायाची सरकारदरबारी दखल घेतली गेली.

मजुरांना कायद्याच्या बाजूने दाद मिळाली. परंतु वैद्यकाच्या बाजूने त्यांची सुटका व्हावयास आणखी दोन तपे जावी लागली, आणि ती सुटका आपल्या हैदराबाद संस्थानाच्या भूमीवर झाली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादच्या छावणीत डॉ. रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावविलेला होता, आणि दर डासामागे एक आणा घेऊन त्या रुग्णाने आपला देह या प्रयोगासाठी दिला होता. बेगमपेठेतील ती वास्तू हैदराबादकर वाचकांच्या पाहण्यातली असेल. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून रॉस यांनी जंतूचा डासाच्या शरीरातील सारा प्रवास उलगडला आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच रॉस १९०७ च्या अखेरीस मॉरिशस सरकारच्या साह्यासाठी त्या बेटावर गेले. त्यांनी हजारो मुलांची पाणथरी तपासून कोणत्या भागात हिवताप किती आहे याचा अंदाज घेतला, डासांची डबकी हुडकली, आणि १९०८ साली सविस्तर अहवाल दिला. त्यातील एक सिद्धांत आजही मार्गदर्शक आहे. हिवताप हटविण्यासाठी एकूण एक डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली आणली, की रोग आपोआप ओसरतो, असे त्यांनी गणिताने दाखविले.

या ज्ञानाच्या प्रकाशात १८६७ चा खटला पुन्हा चालवून पाहावा. जंतू बाळगणारी माणसे तीस वर्षे येत होती, तरी साथ नव्हती. मग १८६५ च्या सुमारास नवीन काय आले? बहुतेक अभ्यासकांचे मत असे, की तोवर त्या बेटावर हिवताप पसरविणारा ॲनोफिलीस जातीचा डासच नव्हता. तो आफ्रिकेकडून वा मादागास्करहून जहाजांतून आला. मादागास्करची गुरे घेऊन जहाजे नित्य येत, आणि आगबोटींमुळे समुद्रमार्ग थोड्या दिवसांचा झाल्याने डास जिवंत पोहोचणे अधिक शक्य झाले होते. उतारूंच्या यादीत डासाचे नाव लिहिले जात नाही, त्याच्याजवळ परवाना मागता येत नाही आणि त्याला विलग्नवासातही ठेवता येत नाही. कायद्याने मजुराला अडविले, त्याचे छायाचित्र घेतले. खरा आरोपी गुरांच्या पाठीवरून निर्वेध उतरून गेला. उसासाठी जंगले तोडून उघड्या पडलेल्या जमिनीवर, उन्हात तापणाऱ्या डबक्यांतून त्याने आपला संसार थाटला. बेटही निर्दोष होते आणि मजूरही. रोग आला तो व्यापाराच्या वाटेने, आणि त्या व्यापाराचा नफा ज्यांनी घेतला, त्यांनीच इतरांवर ठपका ठेवला.

पुढील कथा उमेद देणारी आहे. १९४९ पासून डी.डी.टी.ची मोहीम झाली आणि १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९७५ साली चक्रीवादळ झाले आणि त्यानंतर हिवतापाने पुन्हा डोके वर काढले. पण चिकाटीने त्यालाही हटविण्यात आले. तेव्हापासून तेथे एक शहाणी पद्धत रूढ आहे. हिवतापाच्या देशांतून आलेल्या प्रवाशांची नोंद घेतली जाते, आरोग्य कर्मचारी त्यांची विचारपूस करतात व रक्त तपासतात. प्रवाशाला अपराधी न समजता त्याच्या रक्तातील जंतूंवर लक्ष ठेवावयाचे, हा १८६७ च्या कायद्यास मिळालेला सर्वोत्तम जबाब होय.

म्हणून आता त्या बेटावर जाणाऱ्याने हिवतापाची फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु डासांचे कुळ मोठे आहे. दिवसा चावणाऱ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या ईडिस डासांमुळे डेंग्यू व चिकुनगुन्या हे ताप होतात. चिकुनगुन्या प्रथम १९५२-५३ साली टांगानिकात ओळखला गेला. सांधेदुखीने वाकविणारा, असा माकोंडे भाषेतील त्या नावाचा भाव आहे. २००४ साली तो केनियाच्या किनाऱ्यावर उठला, २००५ साली कोमोरो बेटांतून रीयुनियन व मॉरिशसला पोहोचला. एकट्या रीयुनियनमध्ये २००५-०६ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोक, म्हणजे लोकसंख्येचा सुमारे तृतीयांश, आजारी पडले. २००६ साली आपल्या देशातही त्याने तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांना खाटेस खिळविले. अटलांटिकपलीकडे डिसेंबर २०१३ मध्ये सेंट मार्टिन या पर्यटकप्रिय बेटावर त्याचा स्थानिक फैलाव आढळला, आणि पुढील वर्षभरात तो कॅरिबियन बेटे व अमेरिका खंडात सर्वदूर गेला. २०२५ साली रीयुनियनला पुन्हा मोठी साथ येऊन पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची निश्चिती झाली. बेटे समुद्राने वेढलेली असतात, पण सुटी नसतात, हाच याचा अर्थ.

तेव्हा समुद्रपर्यटनास निघणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी काय करावे? जहाज भर समुद्रात असता डासांचा उपद्रव सहसा नसतो. धोका असतो तो बंदरात उतरून बागा, धबधबे, मंदिरे पाहताना. त्या वेळी अंगभर सैल कपडे घालावे, उघड्या त्वचेस डासरोधक मलम लावावे, आणि डास रात्रीच चावतात ही समजूत सोडून द्यावी. निघण्यापूर्वी त्या बेटावर कोणती साथ चालू आहे, याची वैद्याकडे चौकशी करावी. त्रिनिदादसारख्या पीतज्वराच्या प्रदेशास जाणाऱ्याने निदान दहा दिवस आधी लस टोचून घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवावे. २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते. प्रमाणपत्रावाचून परतणाऱ्यास आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलग्नवासात ठेवता येते. कोणास हा नियम जाचक वाटेल. परंतु पीतज्वर पसरविणारा डास आपल्या घरी आहे, ज्वर मात्र नाही. ते दार बंद ठेवण्यासाठी हा नियम आहे, हे समजले म्हणजे त्याचा राग येत नाही.

परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर आपण कोठे जाऊन आलो हे वैद्यास आपण होऊन सांगावे आणि डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन घेऊ नये. दुसरे कर्तव्य याहून थोर आहे. तापाच्या पहिल्या आठवड्यात दिवसासुद्धा मच्छरदाणीत राहावे. कारण त्या दिवसांत आपल्याला चावलेला आपल्याच अंगणातील डास शेजाऱ्याच्या मुलाला तो ताप देऊ शकतो. अंगात ताप असता पालखीला किंवा महाप्रसादाला जाणे यात भक्ती नाही. घरची कुंडी, देवळाचा हौद आणि अंगणात पडलेली करवंटी आठवड्यातून एकदा कोरडी करणे, आणि मोठ्या तळीत गप्पी मासे सोडणे, हीदेखील देवसेवाच आहे.

मुरगाव बंदरात आता क्रूझ जहाजे येतात. त्यांतून उतरणारे परदेशी पाहुणे आपल्या गावाविषयी मनात तीच शंका बाळगून येत असतील, जी आपण मॉरिशसविषयी बाळगतो. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातील गरीब माणसे त्या बेटावर उतरली, तेव्हा त्यांना तापाचे आरोपी ठरविण्यात आले. त्यांची निर्दोष सुटका करून घेणाऱ्या ज्ञानाचे आपण वारस आहोत. त्या वारशाचे ऋण फेडावयाचे असेल, तर दुसऱ्याच्या बेटास नावे ठेवू नयेत, आणि स्वतःच्या दारातले पाणी साचू देऊ नये.