सात वृंद, एक साक्षीदार : गोवा, १६६३

आमच्या रिसोडच्या भजनी मंडळाच्या वहीत शब्द असतात, चाल नसते. चाल हवी तर जाणत्या माणसालाच विचारावं लागतं. युरोपातल्या जुन्या संगीताचं नेमकं उलटं : तिथं स्वरलिपी असते, पण गाणारा माणूस कधीच गेलेला. म्हणून आज तिथले व्यावसायिक वृंद आतड्याच्या तारा लावतात, स्वर थोडा खाली धरतात आणि जुने कागद चाळतात.

आपल्याकडे असा एक कागद आहे. जुझेप्पे सेबास्तियानी हा इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू १६६३ मध्ये जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या सणाला हजर होता. प्रवासवर्णनात तो सांगतो, की सात वृंद गायले, वाद्यं गोड वाजली, आपण रोममध्येच आहोत असं वाटलं. रचना कारिस्सीमीची, असं त्याला कुणीतरी सांगितलं. गाणारे होते 'कानारीन', आणि त्यांच्या तयारीनं तो चकित झाला.

आता हे वाचायचं कसं? मी आधी 'कानारीन' म्हणजे कन्नड लोक असं लिहून मोकळा झालो होतो. गाईडनी लाल रेघ मारली. पोर्तुगीज अमलात हा शब्द गोव्यातल्या स्थानिकांसाठीच वापरत.

दुसरं, तो कारिस्सीमीला जेझुइट संघाचा माणूस म्हणतो. ते चूक. कारिस्सीमी रोमच्या जेझुइट कॉलेजिओ जर्मानिकोत संगीतप्रमुख होता, संघाचा सदस्य नव्हता. पण गंमत अशी, की ही चूकच कामाची आहे. गोव्यातल्या जेझुइटांनी त्याला 'आपला' मानलं, म्हणजे स्वरलिपी कोणत्या वाटेनं आली असेल याचा अंदाज लागतो. सांगोवांगीचा पुरावा फेकून देऊ नका, कोण कोणाला सांगतंय ते बघा.

तिसरा मुद्दा मला जास्त छळतो. 'सात वृंद' म्हणजे सात मोठे जमाव नव्हेत. एकेका वृंदात चार-पाच गळेही असू शकतात, चर्चमध्ये वेगवेगळ्या जागी उभे केलेले. रचनेचं नाव सेबास्तियानी देत नाही. कारिस्सीमीच्या प्रसिद्ध 'येफ्ते'चा शेवट सहा आवाजांचा आहे, सात वृंदांचा नाही. तेव्हा 'येफ्ते' गाऊन त्याला 'गोवा १६६३' म्हणता येणार नाही. कारिस्सीमीची मूळ हस्तलिखितं तर रोममध्येसुद्धा उरली नाहीत; त्याचं संगीत आपल्याला इतरांच्या नकलांमधून मिळालं.

संगीतकाराचं नाव मात्र टिकलं. त्या दिवशी गाणाऱ्यांपैकी एकाचंही नाव सेबास्तियानीनं लिहिलेलं नाही. माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा प्रश्न तिथून सुरू होतो.